बाजाराने नाकारलेले फळ आणि घरचे गोड

गोडधोड म्हटले की आपल्या घरांत पुरण, शिरा, खीर आणि लाडू ह्यांचीच आठवण होते. फळांची आठवण व्हायची ती एकादशीला, नाही तर आजाऱ्याच्या उशाशी. देशावरील पाकशास्त्रात फळाला पाहुण्याचा मान आहे, घरच्या माणसाचा नाही. ह्याचे कारण लोकांच्या आवडीनिवडीत शोधू गेल्यास सापडावयाचे नाही; ते पाण्यात आहे. जेथे पाऊस बेभरवशाचा आणि विहिरींचे पाणी पिण्यापुरते, तेथे धान्य व गूळ ह्यांचीच गोडी चालणार.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा ह्या तालुक्यांची स्थिती फार काळ अशीच होती. ज्वारी हे तेथील मुख्य अन्न. सणाला पुरणपोळी, संक्रांतीला तीळ आणि गूळ, एरवी भाजलेल्या दाण्यांच्या कुटाची शेंगापोळी, असा गोडाचा परिपाठ. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला अशा वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. बाळपणी फळ म्हणजे बांधावरची बोरे आणि चिंचा, असे उत्तर यावयाचे.

पुढे भीमेवर उजनीचे धरण बांधले गेले. १९८० मध्ये ते पूर्ण झाले, आणि यशवंतसागर ह्या नावाने ओळखला जाणारा, सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणारा जलाशय त्या कोरड्या मुलखात पसरला. ह्या पाण्याची किंमत थोडीथोडकी नव्हती. नदीकाठची गावे उठून वर माळावर गेली. घरे पुन्हा बांधता आली, पण परसांतील झाडे कोणास उचलून नेता आली नाहीत. समोरच्या, म्हणजे इंदापूरच्या काठावरील पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते अजून डोके वर काढते. पण ज्यांच्या वाट्यास पाणी आले त्यांच्या शेतांत ऊस आला, आणि उसामागोमाग केळी, डाळिंबे, पेरू व पपया आल्या. करमाळा तालुक्यातील कंदर व आसपासच्या गावांची केळी आज आखाती देशांत जातात. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे.

अशा रीतीने शेत बदलले. परंतु स्वयंपाकघर तितके बदलले का? आमच्या मते नाही. आणि ह्यात दोष कोणाचाच नाही. काळच थोडा गेला आहे. कोकणाकडे पाहावे. तेथे आंबा, फणस व कोकम ह्यांचा सहवास शेकडो वर्षांचा. म्हणूनच पावसाळ्याची बेगमी करता करता आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुले तेथील बायकांच्या हाती तयार झाली. वसईकरांनी आपल्या राजेळी केळ्यांची सुकेळी केली. उजनीकाठच्या घरांत केळी येऊ लागल्यास जेमतेम दोन पिढ्या झाल्या. जी गोष्ट आजेसासूने सासूस शिकविलीच नाही, ती सासूने सुनेस कशी शिकवावी? तेव्हा ह्या बाबतीत परंपरा राखण्याचा प्रश्न नसून परंपरा घालून देण्याचा आहे, आणि ते काम आजच्या घरांकडे आले आहे.

हे काम शहरातील घरापेक्षा मळ्याजवळच्या घरास अधिक सोपे का, हे नीट समजून घेतले पाहिजे. परदेशी जाणारे केळे पूर्ण पिकण्याआधीच, हिरवे व टणक असताना उतरवितात. त्याची लांबी व जाडी मापाने पाहतात, सालीवर एक डागही चालत नाही. निवडलेल्या फण्या धुऊन सुमारे १३ किलोंच्या खोक्यांत भरतात आणि थंड पेट्यांतून रवाना करतात. जे फळ आखूड आहे, वाकडे आहे, ज्याच्या सालीवर पानाचा ओरखडा उठला आहे, ते मागे राहते आणि मातीमोल भावाने जाते. भाव पडले म्हणजे तेही जात नाही, बांधावर कुजते. डाळिंब तडकले की त्याची गणना वेगळ्या ढिगात. पेरू जरा मऊ झाला की व्यापारी हात लावीत नाही.

आता गंमत अशी की, बाजार ज्याला दोष म्हणतो तो गोडाच्या दृष्टीने बहुधा गुणच असतो. हिरव्या केळ्यात शेकडा २० च्या आसपास पिष्ट असते. केळे पिकत जाते तसतसे त्या पिष्टाची साखर होते, आणि सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत पिष्ट नाममात्रच उरते. म्हणजे जे केळे दुकानदार टाकून देतो, त्यात साखर सर्वांत अधिक. तडकलेले डाळिंब पुष्कळदा झाडावर पूर्ण भरलेले असते. मऊ पेरूचा गर चाळणीतून सहज उतरतो. बाजारास प्रवास सोसणारे फळ हवे, आपणांस चव देणारे फळ हवे. दोघांच्या गरजा निराळ्या आहेत, हे एकदा ध्यानी आले म्हणजे मागे राहिलेल्या पाटीकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

मात्र नाकारलेले ते सर्वच ग्राह्य, असे कोणी समजू नये. पाखराने वा वटवाघळाने तोंड लावलेले फळ, बुरशी धरलेले, आंबूस वास येणारे किंवा आतून काळे पडलेले फळ निःशंकपणे खताच्या खड्ड्यात जावे. तडकलेले डाळिंब फोडून पाहावे. भेगेजवळचे दाणे निस्तेज अथवा तपकिरी असतील तर ते फळ वापरू नये. सालीचा डाग चालेल, गराचा डाग चालणार नाही, हा सोपा नियम मुलांनाही शिकविता येतो. नैवेद्याच्या ताटात अखंड फळ ठेवण्याचा आपला रिवाज आहेच. तो तसाच राहू द्यावा. घडातील निर्दोष केळी देवापुढे आणि अतिपिकलेली प्रसादाच्या शिऱ्यात, अशी वाटणी पुष्कळ घरांत न सांगता होतेच. रवा, तूप, साखर आणि दूध सव्वा सव्वा मापाने घेतलेल्या त्या शिऱ्यास जो सुगंध येतो, तो तुपात परतलेल्या पिक्या केळ्याचाच असतो.

प्रथम केळ्याचाच विचार करू. शिकरण सर्वांस ठाऊक आहे. तिच्याविषयी इतकेच सांगावयाचे की ती पाने वाढल्यावर करावी. चिरलेल्या केळ्यास हवा लागली की ते काळवंडते आणि दूध पातळ होत जाते. घरात एकदम शे-दीडशे केळी पिकली तर मात्र हलवा हाच उपाय. ठिपके पडलेली बारा केळी सोलून कुस्करावी. जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी तूप तापवून त्यात ती घालावी व मंद आचेवर सतत परतावी. गर लालसर होऊन तूप सोडू लागला म्हणजे पाऊण वाटी साखर घालावी. साखर घातल्यावर मिश्रण पुन्हा सैल होईल, त्यास भिऊ नये. एकूण पाऊण तास लागतो. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की वेलदोड्याची पूड घालून तूप लावलेल्या ताटात थापावा व वड्या पाडाव्या. थंड जागी ह्या वड्या आठवडाभर राहतात. दुसरा प्रकार पुऱ्यांचा: कुस्करलेल्या केळ्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ व थोडे मोहन घालून, पाण्याचा थेंबही न घालता भिजवावे. प्रवासास ह्या गोड पुऱ्या फार सोयीच्या.

पेरूचे म्हणाल तर त्याच्या अंगी एक मोठा गुण आहे. त्यात रस गोठविणारे पेक्टिन नावाचे द्रव्य भरपूर असते, आणि ते अर्धवट पिकलेल्या फळात अधिक असते. म्हणून वडी करताना तीन वाटे पिकलेले व एक वाटा करकरीत पेरू घ्यावे. फोडी बुडतील इतक्या पाण्यात शिजवून चाळणीवर घासाव्या, म्हणजे बिया वर राहतात. चार वाट्या गरास तीन वाट्या साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून आटवावे. थेंब ताटलीत टाकला असता पसरत नाही, असे झाले की उतरवावे. लिंबू केवळ चवीसाठी नाही; आंबटपणावाचून गर नीट गोठत नाही.

डाळिंबाचा रस यंत्रात काढू नये. दाण्यांतील बिया भरडल्या गेल्या की रसास तुरट-कडू चव येते. स्वच्छ फडक्यात दाणे बांधून हातांनी पिळावे. रसाच्या निम्मी साखर घालून एकतारी होईपर्यंत आटविले म्हणजे सरबताचा पाक तयार होतो. शीतपेटीत ठेवून तो पंधरवड्यात संपवावा. श्रीखंडात डाळिंबाचे दाणे घालावयाचे असतील तर वाढतेवेळी घालावे, नाही तर पाणी सुटते. आणि आंबट रस बिनकल्हईच्या पितळी भांड्यात कधीही आटवू नये, हे जुन्या पिढीने सांगितलेले आजही तितकेच खरे आहे.

जलाशयापासून जरा दूर, त्याच जिल्ह्यातील बार्शी तालुका सीताफळांसाठी प्रसिद्ध आहे. गोरमाळे येथील श्री. नवनाथ कसपटे ह्यांनी निवडलेला मोठ्या फळाचा, कमी बियांचा वाण दूरवर गेला आहे. सीताफळाची बासुंदी बिघडते ती बहुधा एकाच कारणाने: गर गरम दुधात घातला जातो. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. दोन लिटर दूध आटवून निम्मे करावे, बेताची साखर घालावी, ते पूर्ण निवू द्यावे, आणि मगच तीन-चार फळांचा गर हाताने बिया काढून मिसळावा. बियांसकट गर यंत्रात फिरवू नये. त्या बिया पोटात जाण्याजोग्या नाहीत. पपईचीही गोष्ट अशीच. कच्च्या स्थितीत ती दुधातील प्रथिनांचे विघटन करते आणि मिश्रण कडू होते. तेव्हा पपईचा हलवा करावयाचा तर ती आधी चांगली शिजवून घ्यावी.

ह्या सर्व कृतींत साखरेचे माप आम्ही दिले आहे खरे, पण ते शेवटचे मानू नये. फळाची गोडी झाडागणिक व महिन्यागणिक बदलते. म्हणून फळाच्या गोडात आधी गर चाखावा आणि मग साखरेच्या डब्यास हात घालावा. पुरणात हे चालत नाही, तेथे डाळ सदा डाळच. ज्या घरांत मधुमेही माणसे आहेत तेथे ही सवय विशेष कामाची. अर्थात फळाची साखर ती साखर नव्हे, असा भ्रम बाळगू नये. वडी एकच खावी, पण ती चांगली असावी.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप करावयास वेळ कोणास आहे? सून नोकरीस जाते, सासूबाईंच्या गुडघ्यांत दम नाही. आक्षेप खरा आहे. पण एकत्र कुटुंबाचा उपयोग तरी मग कोणता? बसून पेरू चिरणे आजीस जमते, दाणे सोडविणे मुलांस आवडते, आणि पाऊण तास उलथणे फिरविण्याचे काम घरातील पुरुषांनी केल्यास त्यांचा मान कमी होत नाही. मळ्यातून मागे राहिलेली पाटी कोणी घरी आणावी आणि कोणी निवडावी, हे ठरले की अर्धे काम झाले.

शेवटी एक लहानशी सूचना. प्रत्येक घरात हिशेबाची वही असते. तिच्याच मागच्या पानांवर कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाचे फळ आले, गर किती निघाला, साखर किती लागली व जिन्नस किती दिवस टिकला, एवढे चार शब्द लिहून ठेवावे. बिघडलेला घाणाही लिहावा, कारण पुढच्या सुनेस त्याचाच उपयोग अधिक. कोकणाने जे शतकांच्या अनुभवाने मिळविले, ते उजनीकाठास अशा दहा-वीस वर्षांच्या नोंदींनी मिळविता येईल. मग फणी आखूड म्हणून मागे राहिलेल्या केळ्याची वाट बांधाकडे न जाता स्वयंपाकघराकडे वळेल.