अपस्मार : कांदा, चप्पल आणि वस्तुस्थिती

मेंदूतील पेशी एकमेकींना अतिशय क्षीण विद्युतसंदेश पाठवत असतात. पेशींचा एखादा गट एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागला, की झटका येतो. तात्कालिक कारण नसताना असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. बोलीभाषेत फेफरे, मिरगी किंवा नुसतेच 'फिट येणे'. मात्र प्रत्येक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या काही मुलांना ताप चढला की आकडी येते, मधुमेह्याला साखर फार घसरल्याने झटका येऊ शकतो, हे वेगळे.

हा आजार भूतबाधेचा, करणीचा किंवा अंगात येण्याचा प्रकार आहे, ही समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक. प्राचीन ग्रीसमध्ये त्याला 'पवित्र रोग' म्हणत. इ.स.पू. 400 च्या सुमाराच्या, हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथाने ते नाकारले आणि मूळ मेंदूत असल्याचे सांगितले. चरकसंहितेतही अपस्माराचे दोषांनुसार चार प्रकार व त्यांवरचे उपचार आहेत. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख घेतला आणि 1929 मध्ये तो प्रसिद्ध केला. आजचा ईईजी तो हाच. इतके होऊनही रुग्णाला आधी देवऋषाकडे नेले जाते आणि उपचाराची मोलाची वर्षे वाया जातात.

फिट म्हणजे जमिनीवर कोसळणे, दातखीळ बसणे आणि तोंडाला फेस येणे, एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असते. तो एक प्रकार झाला. फळ्यावरचे उतरवून घेणारे मूल मध्येच थबकते, नजर शून्यात जाते, पापण्या किंचित फडफडतात आणि काही सेकंदांनी ते पुन्हा लिहू लागते. मधल्या दोन ओळी मात्र वहीत नसतात. हादेखील झटकाच; पण मुलाला 'लक्ष नाही' म्हणून ओरडा बसतो. मेंदूच्या एका भागापुरता झटका असेल, तर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, माणूस ओठ चाटतो, शर्टाची बटणे चाळवतो, हाक मारली तरी ओ देत नाही. काही तरुणांचे हात सकाळी उठल्यावर एकदम उडतात आणि हातातला कप निसटतो. प्रकार ओळखणे महत्त्वाचे, कारण कार्बामाझेपिनसारखे एका प्रकारात उत्तम चालणारे औषध दुसऱ्या प्रकारात झटके वाढवू शकते. ईईजी निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही, असेही ठरत नाही. पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत, शक्य असल्यास मोबाइलवर घेतलेले चित्रण, डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

झटक्याच्या वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवतात, हातात किल्ल्यांचा जुडगा देतात आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्याचे श्रेय कांद्याला जाते. प्रत्यक्षात बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. जीभ गिळली जात नाही. दातांत चमचा घालू नये, त्याने दात तुटतात आणि श्वास अडू शकतो. पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली मऊ काही द्यावे आणि घड्याळ पाहावे. झटका 5 मिनिटांहून लांबला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

अपस्मार स्पर्शाने पसरत नाही. काही प्रकारांत आनुवंशिकता असते, पण अपस्मार असलेल्या बहुतेक आईवडिलांच्या मुलांना तो होत नाही. डोक्याला मार, जन्मवेळची इजा, पक्षाघात, मेंदूज्वर ही इतर कारणे. भारतात आणखी एक मोठे कारण आहे: डुकरातील फीतकृमीच्या अंड्यांपासून मेंदूत होणाऱ्या गाठी. डुकराचे मांस न खाणाऱ्याला त्यांची भीती नाही, हा गैरसमज आहे. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीपाल्यावर, न धुतलेल्या हातांवर येतात आणि शुद्ध शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. 1912 पासून वापरात असलेले फेनोबार्बिटाल स्वस्त असून आजही उपयोगी आहे. झटके थांबले की गोळ्याही थांबवणे, ही मात्र नेहमीची आणि धोक्याची चूक. बरीच वर्षे झटका आला नाही, तर डॉक्टर प्रकार पाहून औषध हळूहळू कमी करतात.

लग्न ठरवताना आजार लपवला जातो, मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, चुकतात आणि झटके परततात. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मूल होते. काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपायकारक असल्याने गर्भधारणेआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, स्वतःहून औषध सोडू नये. हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहातील अडसर मानला जाई. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला.