ग्रीसची बेटं, कोकणचा किनारा आणि भिंतीवरचं कालनिर्णय

हॉस्टेलमध्ये एक चक्कर मारा. दर तिसऱ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर तोच फोटो दिसेल. पांढरी घरं, निळे घुमट आणि खाली निळाशार समुद्र. ते सॅन्टोरिनी, ग्रीसचं बेट. प्लेसमेंट झाली की तिथे जायचंच, असं निम्म्या बॅचने ठरवून टाकलंय! तोपर्यंत मात्र आपलं ग्रीस म्हणजे अलिबाग, मुरुड, मालवण, फार तर गोवा. दोन्हीकडे समुद्र, बेटं, बोटी आणि मासे. मग फरक काय? व्हिसा आणि पैसा सोडून द्या. सगळ्यात मोठा फरक पाण्यातच आहे, आणि तो आपल्या विदर्भातल्या मुलांना कोणी सांगतच नाही.

मी जऊळक्याची. अकोला-वाशिम रेल्वेलाइनवरचं छोटं स्टेशन. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साधारण साडेचारशे किलोमीटर. आमच्या भागातली काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला. म्हणजे आमचं पाणी दरवर्षी समुद्रावर जातं, आम्ही मात्र कॉलेजची ट्रिप निघाली तरच. माझी आजी विचारते, "समुद्र म्हंजे काय बाप्पा, लय मोठ्ठं धरणच ना?"

गंमत म्हणजे आजीचं हे वर्णन ग्रीसच्या समुद्राला बऱ्यापैकी लागू पडतं. तिथल्या इजियन समुद्रात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटर ते फार तर एक-दोन फूट. सकाळी ज्या पायरीपर्यंत पाणी होतं, जवळपास तिथेच ते संध्याकाळीही असतं. म्हणून तर त्या फोटोंत हॉटेलच्या खुर्च्या अगदी पाण्याला टेकवून मांडलेल्या असतात. घरांच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. असल्या खुर्च्या मुंबईच्या किनाऱ्यावर मांडून बघा, सहा तासांत शोधायला होडी लागेल.

असं का होतं, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एका वाक्यात कळेल. भूमध्य समुद्र हे एक आरसी सर्किट समजा. अटलांटिक महासागराला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी फक्त १४ किलोमीटर रुंद. हा झाला रेझिस्टर. आतला प्रचंड समुद्र हा कपॅसिटर. बाहेरून भरतीचा सिग्नल दर १२ तास २५ मिनिटांनी येतो, पण एवढ्याशा दारातून पुरेसं पाणी आत शिरायच्या आधीच बाहेर ओहोटी सुरू होते. आउटपुटला उरतो तो नुसता रिपल! शिवाय चंद्राने स्वतंत्रपणे मोठी भरती उभी करावी एवढा तो समुद्र लांबरुंदही नाही. अपवाद आहेत. ग्रीसमध्येच खाल्किडा शहराजवळच्या युरिपस सामुद्रधुनीत प्रवाह दिवसातून अनेकदा दिशा बदलतो. त्याचं कोडं सुटेना म्हणून ॲरिस्टॉटलने तिथे उडी घेतली अशी दंतकथासुद्धा आहे. (आपल्याकडे एम-थ्रीच्या पेपरनंतर असं वाटतं, पण कोणी उडी घेत नाही.)

ग्रीसचा समुद्र अगदीच गरीब आहे असं मात्र नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचं वारं सुटतं, आणि ते जोरात असलं की बेटांमधल्या फेऱ्या बंद ठेवतात. तिथे जाणाऱ्याने हवा बघायची. कोकणात जाणाऱ्याने हवा तर बघायचीच, पण चंद्रही बघायचा.

कारण अरबी समुद्राला दारच नाही, तो सताड उघडा आहे. मालवणकडे उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते, मुंबईला चार मीटरच्या वर, आणि खंभातच्या आखातात, जिथे आखात निमुळतं होत जातं, तिथे दहा मीटरच्याही वर. दहा मीटर म्हणजे तीन मजले. आमच्या काटेपूर्णेचं पाणी शेवटी ज्या बाजूला पोचतं ती हीच बाजू.

समुद्र पाहिलेला माणूससुद्धा इथे फसतो, याचा पुरावा खुद्द ग्रीकांनीच दिलाय. इ.स.पू. ३२५ मध्ये अलेक्झांडरचं आरमार सिंधू नदीच्या मुखाशी पोचलं. ओहोटी लागली आणि जहाजं चिखलात बसली. सैनिक हादरले. तेवढ्यात पाणी परत आलं आणि काही जहाजांची मोडतोड झाली. एरियन या ग्रीक इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. बेटांच्या देशातली माणसं, पण त्यांचा समुद्र खुर्च्या मांडायचा! पुढे इ.स.च्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' नावाचं व्यापाऱ्यांसाठीचं एक ग्रीक पुस्तक लिहिलं गेलं. त्यात भडोचच्या भरतीचा धोका सविस्तर दिलाय, आणि राजाने नेमलेले तिथले कोळी पुढे येऊन परक्या जहाजांना वाट दाखवत बंदरात आणतात, हेही. ग्रीक शिकले. आपण?

शिकायला फारसं लागत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. दुपारी तीन आणि पहाटे तीन, दोन्ही. त्याच्या आधी आणि नंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, उत्तर सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि ५० मिनिटं म्हणजे जवळपास पाऊण तास. एवढंच त्यातलं गणित. मला तर हे कळल्यावर थरारलंच, कारण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तिथी हा विषय फक्त उपासाच्या डब्यापुरता होता. हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा. दक्षिणेला मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते. अंदाजाला ठीक, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची, तो आता मोबाइलवर मिळतो. तिथी मात्र प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेली असते. कालनिर्णयचे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, हा योगायोग मला फार आवडतो.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब मागे जातं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, ओढ विभागली जाते आणि फरक कमी राहतो. ही भांगाची भरती.

पण अष्टमी म्हणजे सुरक्षित, असा अर्थ कृपया काढू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा कृष्ण अष्टमीच्या आसपासचे दिवस होते. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीला बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले ८ जण गेले. आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच एका बसमधून गाणी म्हणत गेलेले.

तिथीत न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रिप करंट. लाटा काठावर जे पाणी आणून टाकतात ते कुठून तरी परत जायला हवं. ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून वेगाने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो भाग शांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो! वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, आणि आपण तर विहिरीत पोहायला शिकलेलो. सापडलात तर काठाकडे झगडायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. मित्राला वाचवायला हातात हात धरून साखळी करत आत जाऊ नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि कोळ्यांना हाक मारा. आणि पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी तेव्हा बंद असतात आणि मच्छीमार होड्या काठावर ओढून ठेवतात, त्याला कारण आहे.

एवढं कळलं की कोकणची सुट्टी ग्रीसपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटायला लागते. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. भरतीला ते बेट, ओहोटीला चालत जायचं ठिकाण. असलं दिवसातून दोनदा बदलणारं बेट सॅन्टोरिनीत कुठून आणणार? अकोल्याहून रात्रीची मुंबई गाडी, मग गेटवेहून लाँचने मांडवा आणि पुढे अलिबाग. किल्ल्यासाठी तृतीया-चतुर्थीची सकाळ निवडा. नऊच्या आसपास ओहोटी, म्हणजे आठला चालायला लागा आणि दहाच्या आत परत या. त्याआधी काठावरच्या घोडागाडीवाल्याला विचारून घ्या, आणि तो "चला आता" म्हणाला की फोटो अर्धवट राहिला तरी निघा.