वहिनींचं यकृत, दादांचा मेंदू

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजाराशी जोडलेल्या नॉच-३ या जनुकाचा माग ज्या फ्रेंच कुटुंबांमुळे लागला, त्यांच्याकडे आज वळायचं ठरलं होतं. तो बेत एक आठवडा पुढे ढकलतो. सांगलीहून आलेल्या एका पत्राने मला दुसऱ्याच वाटेला नेलं आहे. पत्रलेखकाच्या थोरल्या भावावर यकृत प्रत्यारोपण झालं. यकृताचा भाग वहिनींनी दिला. या भावंडांच्या आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता. ते लिहितात, ‘अ‍ॅपो-ई हे प्रथिन यकृतात तयार होतं असं तुम्ही सांगितलंत. मग दादाच्या अंगात आता वहिनींचं अ‍ॅपो-ई असणार. आईकडून ई-४ आलं असेल, तर त्यातून तो सुटला का?’ (अ‍ॅपो-ई हे चरबी वाहून नेणारं प्रथिन; ई-४ हा त्याचा अल्झायमरचा धोका वाढवणारा प्रकार.)

असा प्रश्न वाचला की दिवस चांगला जातो. नेमका हाच धागा धरून सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी १९९१ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. माझ्या मते या सगळ्या विषयातला तो सर्वांत देखणा प्रयोग आहे.

अ‍ॅपो-ईच्या साखळीत २९९ अमिनो आम्लं असतात आणि तीन प्रकारांमधला फरक ११२ व १५८ या दोनच जागांवर असतो, हे नेहमीच्या वाचकांना आठवत असेल. ई-४ मध्ये दोन्ही जागी आर्जिनिन, ई-२ मध्ये दोन्ही जागी सिस्टीन, ई-३ मध्ये दोन्हींपैकी एकेक. आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो, सिस्टीनवर नसतो. त्यामुळे जेलमधून वीज सोडली की तिन्ही प्रकार वेगवेगळ्या जागी जाऊन थांबतात. म्हणजे रक्तातलं अ‍ॅपो-ई कुठल्या प्रकारचं आहे, हे थेट प्रथिनावरूनच ओळखता येतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने यकृत बदललेल्या रुग्णांचं रक्त असं तपासलं. प्रत्यारोपणानंतर रक्तातलं अ‍ॅपो-ई जवळजवळ पूर्णपणे दात्याच्या प्रकारचं झालं होतं. रक्तातल्या अ‍ॅपो-ईपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यकृतातून येतं, हे त्यातून पक्कं झालं. पण मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जो द्रव असतो, ज्याला आपण मणक्यातलं पाणी म्हणतो, त्यात पाहिलं तर प्रकार रुग्णाचा स्वतःचाच, शस्त्रक्रियेआधी होता तोच.

एकाच माणसाच्या शरीरात एकाच प्रथिनाचे दोन प्रकार, दोन वेगळ्या माणसांच्या जनुकांवरून घडलेले, आणि रक्त व मेंदू यांच्यामधल्या भिंतीमुळे एकमेकांत न मिसळणारे! मेंदूतलं अ‍ॅपो-ई मेंदूतच बनतं, मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट या तारेच्या आकाराच्या पेशींमध्ये. कोलेस्टेरॉलचंही तसंच. वजनाने मेंदू शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच्याकडे असतो आणि तो जवळजवळ सगळा तिथेच तयार होतो. गावात नळाचं पाणी कसंही येवो, वाड्याची विहीर स्वतंत्र असावी, तसा हा कारभार आहे.

तेव्हा पत्राचं पहिलं उत्तर असं, की दादांच्या मेंदूला वहिनींच्या यकृताचा पत्ताही नाही. आईकडून ई-४ आलं असेल, तर मेंदूत ते जागच्या जागी आहे.

पण मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या रक्ताच्या बाजूला येतात. त्यांना वहिनींचं अ‍ॅपो-ई भेटतं. ई-४ असलेल्यांच्या रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं चढं राहतं, ई-२ असलेल्यांच्यात सहसा उतरतं. म्हणजे वारशाचा तेवढा भाग खरोखर बदलतो आणि तो नगण्य नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्याचे १९९७ मधले निष्कर्ष मला इथे महत्त्वाचे वाटतात. शवविच्छेदनात अल्झायमरच्या खुणा दिसलेल्या जोगिणींमध्ये, ज्यांच्या मेंदूच्या आतल्या भागात रक्तपुरवठा तुटल्याने पडलेले बारीक डागही होते, त्यांना जिवंतपणी स्मृतिभ्रंश झालेला असण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. मेंदूतला आजार आणि रक्तवाहिन्यांचा आजार असे एकावर एक चढतात. त्यातला दुसरा आवाक्यात ठेवणं आपल्या हाती बरंच आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. अ‍ॅपो-ईचा हृदयाला वाईट तो प्रकार मेंदूलाही वाईट, असा समज ई-४ मुळे होतो, पण तो नेहमीच खरा नसतो. १९८७ साली न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये एका रुग्णाच्या अ‍ॅपो-ईमध्ये १३६व्या जागी आर्जिनिनऐवजी सेरीन सापडलं. त्या रुग्णाला रक्तात चरबीचे अर्धवट पचलेले कण साचण्याचा आजार होता. हा बदल लिपिडतज्ज्ञांच्या याद्यांमध्ये ‘क्राइस्टचर्च’ नावाने पडून राहिला. हा बदल नोंदवणाऱ्या निबंधाच्या लेखकांमध्ये एम. आर. वॉर्डेल हे नाव आहे आणि १९९१ च्या यकृताच्या निबंधातही तेच नाव आहे.

मग २०१९ साली हा क्राइस्टचर्च बदल एकदम कोलंबियात उगवला. अँटिओकिया प्रांतात फ्रान्सिस्को लोपेरा यांनी आयुष्यभर अभ्यासलेलं एक मोठं कुळ आहे. त्यातल्या अनेकांत प्रेसेनिलिन-१ जनुकातला असा दोष आहे, की चव्वेचाळिशीच्या आसपास स्मृती ढळू लागते. त्याच कुळातली एक बाई, तोच दोष घेऊन, सत्तरीपर्यंत शाबूत राहिली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या दोन प्रथिनांपैकी अमायलॉइड तिच्या मेंदूत भरपूर होतं, टाऊ मात्र कमी. क्राइस्टचर्च बदलाच्या दोन्ही प्रती तिच्याकडे होत्या, आणि रक्तात चरबीचा तोच जुना आजारही होता.

या दोन्हींमागे कारण एकच असावं, असं संशोधकांना दिसतं. पेशींच्या पृष्ठभागावर हेपॅरान सल्फेट नावाच्या शर्करांच्या साखळ्या असतात. क्राइस्टचर्च बदलामुळे अ‍ॅपो-ईची त्यांच्यावरची पकड सैल होते. यकृतात ही पकड हवी, नाहीतर चरबीचे कण रक्तातच फिरत राहतात. मेंदूत याच साखळ्यांच्या आधाराने टाऊ एका पेशीतून दुसरीत शिरतं, म्हणून तिथे पकड सैल असणं पथ्यावर पडतं. २०२४ मध्ये त्याच कुळातल्या एकच प्रत असलेल्या २७ जणांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांची स्मृती ढळायला सुमारे पाच वर्षं उशीर झाला होता.

सांगलीच्या वाचकांना एक व्यवहाराची सूचना. दादांची अ‍ॅपो-ईची तपासणी कधी करायची झाली, तर ती प्रथिनाची की डीएनएची, हे आधी विचारा. रक्तातलं प्रथिन वहिनींचा प्रकार दाखवेल. पांढऱ्या पेशींतला डीएनए दादांचा स्वतःचा. शिवाय प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांनी कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. तेव्हा ही दोन मोजमापं मात्र ठरल्या वेळी होऊ द्या.

पुढच्या आठवड्यात नक्की नॉच-३.