सांडपाण्याचा हिशेब

दिवाळी अंकासाठी यंदा कशावर लिहिणार, असे संपादकांनी फोनवर विचारले, तेव्हा मी ‘गटारपट्टी’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, “सर, दिवाळी आहे हो!”

माझे म्हणणे असे की, या विषयाला दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर तेल-उटण्याची स्नाने होतात. त्याआधी आठवडाभर चकल्या, शेव, करंज्या तळून झालेल्या असतात. कढईतळाचे काळे तेल, डब्यांची धुणावळ, उटण्याचा चोथा, सारे एकाच वाटेने जाते. ती वाट म्हणजे मोरी. मोरीच्या जाळीखाली काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. भाषेनेही आपल्याला तीच सवय लावली आहे. ‘सांडणे’ या क्रियापदाचा आज आपण ‘ओघळून जाणे’ एवढाच अर्थ घेतो. पण जुन्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे, संबंध सोडणे. सांडपाणी म्हणजे ज्याच्याशी आपण संबंध सोडला ते पाणी!

एरवी मीही या वाटेला गेलो नसतो. तीस वर्षांपूर्वी एम.ए.ला भाषाशास्त्राचा पेपर होता, रसायनशास्त्राचा नव्हता. पण गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे लंडनला गेलो आणि गटाराच्या एका बिलाने माझा पाहुणचार केला.

भाऊ पश्चिम लंडनमध्ये हाउन्स्लोच्या बाजूला राहतो. तिथे त्याचा श्रीखंड, पनीर नि दही बनवण्याचा छोटा कारखाना आहे. माणसे सगळी मिळून सहा. मी पोचलो त्याच दिवशी पाणी कंपनीचे बिल आले होते आणि घरात सुतकी वातावरण होते. पाण्याची रक्कम बेताची होती. पण ‘ट्रेड इफ्लुअंट’ म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याचा आकार पाहून भावाचे डोळे पांढरे झाले होते.

“दादा, तूच सांग,” तो म्हणाला, “पाणी मीटरने मोजून घेतो, मोजून पैसे भरतो. तेच पाणी गटारात सोडतो. शेजारचा गॅरेजवाला माझ्याइतकेच पाणी सोडतो आणि त्याला माझ्या चौथाईसुद्धा पैसे पडत नाहीत. मी विष सोडतो की काय? दुधाचेच तर पाणी आहे!”

मी थोरला भाऊ. मला त्याचे म्हणणे लगेच पटले. दूध हे आपल्याकडे पवित्र. त्यावर दंड कसला? पण माझी पुतणी तिथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते. ती म्हणाली, “काका, बाबांची बाजू घेण्याआधी हे बिल एकदा वाचू या.” आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी आयुष्यात पुष्कळ कठीण ग्रंथ लावले आहेत. पण हे दीड पानी बिल लावायला आम्हांला सारी संध्याकाळ लागली.

त्या बिलाच्या मुळाशी एक सूत्र आहे आणि त्याला एका गटारशुद्धी केंद्राचे नाव आहे. मॉग्डन हे ते केंद्र. भावाच्या घरापासून फार लांब नाही. आयलवर्थला, ट्विकनहॅमच्या प्रसिद्ध रग्बी मैदानाला लागूनच. मिडलसेक्स परगण्याने पंचवीसाहून अधिक लहान केंद्रे बंद करून १९३६ साली हे एकच मोठे केंद्र सुरू केले. आज सुमारे वीस लाख लोकांचे सांडपाणी तिथे शुद्ध होऊन थेम्स नदीत जाते. १९३७ साली इंग्लंडात कायदा झाला की, कारखानदाराला परवानगी घेऊन आपले पाणी सार्वजनिक गटारात सोडण्याचा हक्क राहील. पण त्याबद्दल पैसे आकारता येतील. किती आकारायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मॉग्डन सूत्र.

सूत्र वाटते तितके भयंकर नाही. त्यात चार रकमांची बेरीज असते. पहिली, पाणी नळांतून केंद्रापर्यंत वाहून नेण्याची. दुसरी, ते साठवून, गाळून, निवळवण्याची. या दोन रकमा नुसत्या आकारमानावर ठरतात. पाणी श्रीखंडाचे असो की गॅरेजचे. तिसरी रक्कम पाण्यात विरघळलेली घाण जिवाणूंकडून खाऊन घेण्याची आणि चौथी गाळाची विल्हेवाट लावण्याची. या दोहोंत मात्र तुमच्या पाण्याची सर्वसाधारण सांडपाण्याशी तुलना करतात. तुमचे पाणी दसपट ‘जड’ असेल, तर तो भाग दसपट.

हा ‘जडपणा’ मोजण्याची कथाही गमतीची आहे. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. जितकी घाण अधिक तितका प्राणवायू अधिक. म्हणून घाण मोजण्याऐवजी तिला लागणारा प्राणवायूच मोजायचा, अशी ही युक्ती. ब्रिटनमध्ये १८९८ ते १९१५ या काळात सांडपाण्यावर एक शाही आयोग बसला होता. त्याने १९१२ च्या आठव्या अहवालात या परीक्षेसाठी पाच दिवसांची मुदत धरली. तिथल्या नद्यांचे पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत, म्हणून पाच दिवस, असे सांगतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत जिवाणूंची भूक मोठी. म्हणून भारतात ही परीक्षा २७ अंश उष्णतेत तीन दिवसांची असते. बिलासाठी इतके दिवस कोण थांबणार? म्हणून मॉग्डन सूत्रात दोन तासांत उरकणारी रासायनिक परीक्षा वापरतात.

आणि हे जिवाणू फुकट राबत नाहीत. १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट या मँचेस्टरच्या दोन रसायनज्ञांनी दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा फुंकत राहिली आणि खाली बसलेला जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरला, तर पाणी फार लवकर शुद्ध होते. जगभरची मोठी केंद्रे आज मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. पण हवा फुंकायला पंप लागतात, पंपांना वीज लागते आणि विजेचे बिल कुणीतरी भरावेच लागते.

आता भावाच्या ‘दुधाच्या पाण्या’कडे वळू. चक्का टांगला की जे पिवळसर पाणी गळते, त्याच्या एका लिटराला साधारण ४० ग्रॅम प्राणवायू लागतो. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याला युरोपात ६० ग्रॅम धरतात. म्हणजे दीड लिटर चक्क्याचे पाणी बरोबर एक माणूस! भावाच्या कारखान्यात रोज तीनशे लिटर असे पाणी निघते. पुतणीने कागदावर भागाकार केला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. दोनशे माणसे.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमच्या कारखान्यात माणसे सहा, पण गटाराच्या दृष्टीने तिथे दोनशे माणसांची वस्ती आहे.”

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, “ठीक आहे. उद्यापासून नळ मोकळा सोडतो. पाणी पातळ झाले की जडपणा उतरेल.”

मला ही शक्कल फार आवडली. आमच्या घराण्याची हुशारी त्यात दिसत होती. पण सूत्र करणारे आमच्याहून हुशार निघाले. पाणी दुप्पट केले की जडपणा निम्मा होतो, हे खरे. पण लिटर दुप्पट झाले. निम्म्याला दुपटीने गुणले की पहिलाच आकडा येतो. घाणीचे पैसे जसेच्या तसे आणि वाहून नेण्याचे मात्र दुप्पट! शिवाय नळाचे पाणी विकतचे. दुधात पाणी घालून फसवणे दूधवाल्यांना पिढ्यान् पिढ्या जमले. गटारात पाणी घालून फसवणे काही जमत नाही.

मग कळले की चूक कुठे झाली होती. परवानगीच्या अर्जात भावाने ‘भांडी धुण्याचे पाणी’ एवढेच लिहिले होते. चक्क्याचे पाणी त्याने लपवले नव्हते; ते मोजण्यासारखे आहे असे त्याला वाटलेच नव्हते. कंपनीच्या माणसाने नमुने नेले तेव्हा ते उघड झाले.

“पण दादा, एवढ्याशा कारखान्याने कुणाचे काय बिघडते?” त्याने शेवटचा प्रयत्न केला. उत्तर पुतणीने दिले. “बाबा, तुम्ही नाही भरले तर खर्च नाहीसा होत नाही. तो रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या बिलात थोडा थोडा जातो. कुणाच्या तरी हिशेबात तो पडतोच.”

हे वाक्य तिने बापाला ऐकवले. लागले मात्र मला. कारण त्या क्षणी मला एक माणूस आठवला.

मुंबईतल्या आमच्या सोसायटीचा मी चिटणीस आहे. त्याच्या आदल्या वर्षी, वसुबारसेच्या दिवशी, आमचे चेंबर तुंबले. तळमजल्यावर पाणी उलटे येऊ लागले. पाहुणे यायचे होते. महापालिकेचे यंत्र दोन दिवसांनी येणार होते. कुणीतरी एका माणसाला बोलावून आणले. त्याने झाकण काढले, सदरा काढून ठेवला आणि तो आत उतरला. हातात बादली नि बांबू; अंगावर दुसरे काही नाही. मी वर उभा होतो. थोड्या वेळाने मी घड्याळ बघण्याच्या निमित्ताने तोंड फिरवले. तो वर आला तेव्हा त्याच्या बादलीत पांढरट, साबणासारखे गोळे होते. तो म्हणाला, “साहेब, हे मैल्यानं नाही, तेलानं तुंबलंय.” मी त्याच्याशी घासाघीस केली आणि त्याने सांगितलेल्या रकमेतून दोनशे रुपये कमी दिले.

माणसाला अशा रीतीने गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. मला हे ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटता येत नाही. मी चौकशीच केली नव्हती. तो माणूस धडधाकट वर आला, ही माझी पुण्याई नव्हे, नशीब.

भावाने पुढे काय केले, तेही सांगतो. आमची आई चक्क्याचे पाणी कधी फेकत नसे. कधी त्याची कढी होई, कधी त्यात थालीपिठाचे पीठ भिजे. तीनशे लिटरांची कढी कोण खाणार? पण युरोपातले चीजवाले हे पाणी डुकरांना घालतात, हे पुतणीने शोधून काढले. आता एक शेतकरी दर दिवसाआड पिंपे भरून नेतो. भांडी धुण्याआधी ती खरवडून घेतात. पुढच्या नमुन्यात जडपणा उतरला आणि बिलही उतरले. भाऊ त्याला ‘दंड’ म्हणायचा. आता ‘हिशेब’ म्हणतो.

परत आल्यावर मी आमच्या बिलांकडे पाहिले. मुंबईत मलनिःसारणाचा आकार पाणीपट्टीच्या टक्केवारीने लागतो. पाणी किती, हे त्यात दिसते. ते कसे करून सोडले, हे दिसत नाही. कायद्यात मर्यादा आहेत. सार्वजनिक गटारात सोडायच्या कारखानी पाण्याला लिटरमागे ३५० मिलिग्रॅम प्राणवायूची आणि २० मिलिग्रॅम तेल-तुपाची मर्यादा आहे. पाण्याच्या वापरावर उद्योगांकडून घ्यायचा आणि घाणीप्रमाणे चढत जाणारा एक उपकर १९७७ साली आला होता. तोही २०१७ साली रद्द झाला.

सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तळमजल्यावरच्या काकूंकडे वळल्या. यजमान गेल्यापासून त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यावर मुलाचे शिक्षण झाले. एक सभासद म्हणाले, “यांच्यावर वेगळी पट्टी बसवा.” काकू उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “सर, माझ्या वाटणीचे मी देईन, एक पैसा बुडवणार नाही. पण वरच्या तेवीस बिऱ्हाडांचे तेल कुठे जाते, तेही एकदा मोजा.”

सभेत कुणी बोलेना. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते.

शेवटी असे ठरले. काकूंच्या स्वयंपाकघराच्या नळाला तेल अडवणारी टाकी बसवायची. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा सोसायटीचा. प्रत्येक मजल्यावर वापरलेल्या तेलासाठी एक डबा ठेवायचा. असे तेल गोळा करून त्याचे इंधन करण्याची योजना केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून चालवली आहे. गोळा करणारा माणूस महिन्यातून एकदा येतो आणि वर पैसेही देतो. चेंबर वर्षातून दोनदा यंत्रानेच साफ करायचे, आणि आत माणूस उतरवायचा नाही, हे इतिवृत्तात लिहायचे. डबे पहिल्या महिन्यात भरले तेव्हा काकूंचा डबा कोणता, हे ओळखता येत नव्हते. त्यानंतर अजून चेंबर तुंबलेले नाही.

एक बाकी मात्र राहिली आहे. मला ते दोनशे रुपये परत करायचे होते. मी सोसायटीची जमाखर्चाची वही काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात नोंद आहे: ‘चेंबर सफाई’, आणि पुढे रक्कम. माणसाचे नाव लिहिलेले नाही. मी विचारलेच नव्हते.