हात गुंतलेले, कान मोकळे

सोलापुरात बापाची पाळी यंत्रमागावर आणि आईच्या मांडीवर विड्यांचे सूप. मग मुलाशी बोलायचे कोणी व केव्हा, हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो. तो खोटा नव्हे. विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की मजुरी थांबली.

तथापि विडी वळताना कान मोकळेच असतात. पूर्व भागात किंवा कुंभारीच्या वसाहतीत ओट्यावर बसलेल्या बायकांच्या गप्पा काम न थांबता रंगतात. मुलाच्या वाट्याला मात्र बहुधा दोनच प्रश्न येतात: अभ्यास झाला का, मार्क किती पडले? या हिशेबतपासणीपुढे मूल मुके होते. (कारकुनाच्या अन् प्राध्यापकाच्या घरीही याहून वेगळे घडत नाही, तिथे तर हात मोकळे असून कान मोबाइलला वाहिलेले असतात!)

पद्मशाली घरांत आणखी एक पेच आहे. घरची बोली तेलुगू, मुलाची शाळा पुष्कळदा मराठी. शाळेतला धडा आईला सांगायचा तर तो तेलुगूत उतरवावा लागतो. वस्तुतः ही संधीच आहे. आईला ठाऊक नसलेले काही सांगताना मूल घरात प्रथमच जाणते ठरते. तिने चूक काढू नये, उपदेशही करू नये. पान कातरता कातरता 'मग पुढे काय झाले?' एवढेच विचारावे. त्यासाठी एकही विडी कमी वळावी लागत नाही.