जुन्या गिटारचा पिवळेपणा रंगात नसतो, वरच्या लॅकरमध्ये असतो

१९५०-६० च्या दशकांतल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला पुन्हा रंग देताना बरेच जण थेट साय-रंगाचा डबा उचलतात. मला हे पटत नाही. फेंडरचा ऑलिंपिक व्हाइट हा रंग मुळात पांढराच. त्यावरचं पारदर्शक नायट्रोसेल्युलोज लॅकर उजेडाने आणि वयाने पिवळं पडतं, म्हणून तो सायीसारखा दिसतो. पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) काढला की खाली बरेचदा पांढराच राहिलेला भाग सापडतो. फेंडरच्याच लेक प्लॅसिड ब्लू रंगावर हाच पिवळा थर चढला की निळा हिरवट भासतो. म्हणून आधी मूळ रंग द्यावा आणि लॅकरमध्ये अंबर टिंट अगदी थेंबाथेंबाने मिसळून पातळ थर मारावेत. प्रत्येक थरागणिक छटा गडद होते, तेव्हा आधी लाकडाच्या तुकड्यावर चाचणी हवीच. (लॅकर ज्वालाग्राही असतं, मोकळी हवा आणि रासायनिक वाफा रोखणारा मास्क यांत तडजोड नको.)

नवं लॅकरही पिवळं पडेलच, मग टिंट कशाला? पडेल, पण सावकाश, आणि किती ते मिश्रणावर व उजेडावर ठरेल. शिवाय जुने नॉब आणि पिकगार्ड आज पिवळट झालेले असताना कोऱ्या रंगाची बॉडी विजोड दिसते. ही फसवणूक नाही का, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. विकताना पुन्हा रंग दिल्याचं स्पष्ट सांगितलं नाही तर ती फसवणूकच. आणि मूळ फिनिश थोडंफार जरी शिल्लक असेल, तर कितीही ओरखडे असोत, गिटारला हात लावू नये.