नवा कर्नल, मुके पोर्ट

नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी वसतिगृहांत, रात्री कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अद्ययावत केलेल्या लिनक्स संगणकाचे माऊस नि पेनड्राइव्ह सकाळी निश्चेष्ट आढळले, तरी यंत्र बाद ठरवून दुकान गाठण्याची घाई करू नये. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आरंभिलेल्या या कर्नलमध्ये यूएसबीचे पुष्कळसे कामकाज मॉड्यूल नामक सुट्या तुकड्यांवर सोपविलेले असते. हे तुकडे कर्नलच्याच आवृत्तीचे नसले, की कारभारी नवा आणि दप्तर जुने, अशी गत होते.

संगणक पुन्हा सुरू करूनही भागले नाही, तर आरंभीच्या ग्रब यादीत जुना कर्नल निवडावा. तेथे अंमल फर्मवेअरचा असल्याने यूएसबी कीबोर्ड बहुधा चालतो, आणि चालला तर पोर्ट शाबूत असल्याचा तो सबळ पुरावाच! मग मॉड्यूलांचे पॅकेज पुन्हा बसवून नव्या कर्नलने यंत्र सुरू करावे; तरी अडले, तर ‘डीमेसेज’ आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘एक्सएचसीआय’ या यूएसबी नियंत्रकाच्या नावापुढील तक्रार वाचावी.